आठ पिंपं आणि कालची संध्याकाळ

२ सप्टेंबर, सोमवार

एकतीस वर्षं ग्रामपंचायतीची पाण्याची वही लिहिली. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडलं, किती वाजता बंद केलं, कुठं गळती निघाली, कोण भांडायला आलं. परवा रिटायर झालो. सरपंचांनी शाल-श्रीफळ दिलं आणि वही गेली नव्या माणसाच्या, भीमाच्या हातात. दोन दिवस झाले, हात शिवशिवतोय. म्हणून आज जामखेडहून ही दोनशे पानी वही आणली. आता स्वतःचंच लिहायचं. कुणी वाचणार नाही, त्यामुळं खरं लिहायला हरकत नाही.

पाणी: आज सहावा दिवस, नळ कोरडा. व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा ते भीमाला अजून कळत नाही. मधल्या खोलीतली आठही निळी पिंपं तळाला गेलीत. घरात रिकामं पिंप दिसलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

दुसरी गोष्ट मोठी आहे. सून सविता उद्यापासून लॅपटॉपवर शिकवणार. पुण्याची एक संस्था अमेरिकेतल्या मराठी पोरांना मराठी लिहायला-वाचायला शिकवते. सविता बी. ए. झालेली, संस्थेनं तिला महिनाभर पारखून बघायला घेतलंय. लॅपटॉप तिच्या भावाचा जुना. महिना नीट गेला तर काम कायम. नाही गेला तर दसरा झाल्यावर ती आणि माझा मुलगा वैजनाथ, गेल्या दोन सालांसारखे, ऊसतोडीला. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, मुकादम तसंच मोजतो. आणि ती दोघं गेली की नात राजनंदिनीही जाणार, कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात राहायला. पहिलीतली पोर. गेल्या साली मार्चात परत आली तेव्हा बालवाडीत बसायलाच तयार नव्हती.

मी आणि बायको लंकाबाईनं नऊ हंगाम ऊस तोडला. मला हे पाण्याचं काम लागलं तेव्हा आमची मान सुटली. लंकाबाईचे गुडघे मात्र तिकडंच राहिले. म्हणून लिहून ठेवतो, सविताचं हे काम टिकलं पाहिजे. बाकी मला काही नको.

३ सप्टेंबर, मंगळवार

पाणी: नाही.

आज जे पाहिलं ते कसं लिहू.

नेटचा डबा बाहेरच्या खोलीत, विजेच्या मीटरशेजारी बसवलाय. खांबावरची वायर तिथंच उतरते. सविता बसते पार मागं, कोठीच्या खोलीत, कारण समोरच दूध डेअरी आहे आणि पुढं बसलं तर कॅनचा खणखणाट. मध्ये दोन खोल्या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकून बसलो, हूं का चूं न करता.

सकाळी साडेसहाला पडद्यावर तीन पोरं उमटली. गोरीगोमटी, केस विंचरलेली. सविता म्हणाली नमस्कार, तिघं म्हणाली नमस्कार. त्यातला निहार नावाचा आठ वर्षांचा, लई बडबड्या. तास संपल्यावर मी विचारलं, तिथं किती वाजले असतील.

"संध्याकाळचे सात वाजून गेलेत, मामा," सविता म्हणाली. "पण सोमवारचे."

मी पाटावरच बसून राहिलो. म्हणजे मी मंगळवारी सकाळी चहा पितोय आणि ती पोरं अजून कालच्या दिवसात आहेत. कालचा दिवस मी वहीत लिहून बंद केला, तो तिकडं चालूच आहे.

एकतीस वर्षं मी पाइपातनं पाणी फिरवलं. बोटभर पाइप फुटला तर सबंध गल्ली कोरडी. इथं डब्यापासून लॅपटॉपपर्यंत पाइप नाही, वायर नाही, नुसती घरातली हवा. सविता भाकरी टाकायला गेल्यावर मी मधल्या खोलीत उभा राहून हवेत हात फिरवून बघितला. गार नाही, गरम नाही, काही म्हणजे काही लागत नाही हाताला. आणि त्यातनंच अख्खी पोरं येतात, त्यांच्या आवाजासकट. लंकाबाईनं विचारलं, माशा हाकताय काय.

४ सप्टेंबर, बुधवार

पाणी आलं. सकाळी ९.१० ते १०.०५. आठही पिंपं काठोकाठ भरली. पहिल्या पिंपाला हळद-कुंकू लावलं, आईनं लावलेली सवय. लोक म्हणतात पिंपं मागं पत्र्याखाली ठेवा, मधली खोली कशाला अडवता. मी म्हणतो पाणी घरात पाहिजे, येता-जाता डोळ्यासमोर. मी स्वतः दीड फुटाचा कट्टा बांधून दोन ओळींत लावलीत. बघून पोट भरतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

तास बिघडला. पोरं पडद्यावर थिजली, निहारचं तोंड उघडं ते उघडंच. आवाज येई, मध्येच तुटे, मग तिसराच शब्द ऐकू येई. चार वेळा सगळं गेलं. सविता आपली "हॅलो, ऐकू येतंय का" म्हणत बसली. मी डबा बंद करून चालू केला. डब्यावरचा दिवा हिरवाच होता, म्हणजे बाहेरून येणारं नीट येत होतं.

मोबाईलवर चालवावं तर गाव बरड टेकाडाच्या कुशीत, घरात रेंज बोलण्यापुरतीच. म्हणून तर हे नेट घेतलं.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसवला. त्याआधी तास. आजही तुटकंच, शेवटची पंधरा मिनिटं जरा बरी. नेटवाल्या ज्ञानेश्वरला फोन केला, उद्या येतो म्हणाला.

१० सप्टेंबर, मंगळवार

ज्ञानेश्वर आलाच नाही आणि गरजही पडली नाही. आज नेट इतकं स्वच्छ, की पोरांच्या घरातली भिंतीवरची घड्याळं वाचता आली.

निहारनं आपला लॅपटॉप उचलून खिडकीला लावला. बाहेर पाऊस. हिरवीगार मोठाली झाडं, आणि पाऊस शांतपणे पडतोय, कुणाचं लक्षसुद्धा नाही. मी सविताला खूण केली, विचार किती दिवस पडतो. ती सांगते, त्यांच्या गावात वर्षातले आठ-नऊ महिने. मी दोनदा विचारून खात्री केली. त्या खिडकीवरून पाण्याची धार वाहत होती आणि खाली साधी घागर लावलेली नव्हती हो कुणी. एवढं पाणी, बिनकामाचं वाहून चाललंय. मला राग यावा का आनंद व्हावा कळेना. पण डोळे हलवता आले नाहीत. घरात बसून मी कालचा पाऊस बघत होतो.

पाणी आलं, संध्याकाळी ५ ला. सगळी पिंपं तळाला होती, आठही भरली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

तास पार वाया. पुण्याहून संस्थेच्या पुष्पावती मॅडमचा फोन आला, एका आईनं तक्रार केलीय. सविता "हो मॅडम, हो मॅडम" करत होती आणि पदराचं टोक पिळत होती.

लंकाबाईचं म्हणणं, दृष्ट लागली. तिनं मीठ-मिरच्या लॅपटॉपवरून उतरवून चुलीत टाकल्या. घरभर ठसका, सविताच्या डोळ्यांत पाणी, राजनंदिनी खोकून बेजार. मी लंकाबाईला चांगलं फैलावर घेतलं. नंतर ती गोठ्यात गेल्यावर जाऊन हळूच विचारलं, डब्यावरून पण उतरवलीस का. ती म्हणाली, तो राह्यला की वं.

१६ सप्टेंबर, सोमवार

ज्ञानेश्वर आज उगवला. कोठीत बसला, लॅपटॉपवर एक सिनेमा लावला. अडखळला नाही, थांबला नाही, पंधरा मिनिटं सुरळीत. "काका, पळतंय की चांगलं," म्हणाला, आणि माझ्याकडं असं बघितलं की आम्ही खोटारडे. चहा पिऊन गेला. डॉक्टरच्या दारात गेलं की ताप उतरतो तसला प्रकार. मी त्याला डबा मागं सरकवायला सांगितलं, तर वायर संपलीय, आली की बघू म्हणतो. लॅपटॉपला थेट वायर लावायचं भोकच नाही म्हणे.

पाणी आलं, दुपारी ३.४०. आठही भरली. भीमा आता जरा शिकला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी तास धड एक मिनिट चालला नाही. मी तिथंच ठरवलं, दोष लॅपटॉपमध्येच. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एस. टी. नं जामखेडला नेला. शेजारच्या बाईला वाटलं तान्हं बाळ आहे, तिनं तोंड बघायला गोधडीचं टोक सरकवलं.

दुकानदारानं तासभर चालवला. एकदाही तुटला नाही. म्हणाला, "लॅपटॉप ठणठणीत हाय. तुमच्या घरातच कायतरी हाय."

माझ्या घरात काय असणार.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज सविता बाहेरच्या खोलीत डब्याजवळ बसली. नेट झकास. पण समोर डेअरीचे कॅन, त्यात कुणाच्या तरी दुधात पाणी निघालं म्हणून दहा जणांची बाचाबाची, आणि ती सगळी निहारच्या घरात ऐकू गेली. शिव्यांसकट. निहारनं एक शिवी म्हणूनही दाखवली म्हणतात. त्याच्या आईनं संस्थेला कळवलं.

पुन्हा कोठी. नेट जुळलं तर आवाज, आवाज बंद तर नेट नाही. माझं डोकं भणभणलं.

२२ सप्टेंबर, रविवार

मुकादम आला होता. ओट्यावर बसला, तंबाखू मळली, म्हणाला, "गहिनीनाथ आण्णा, दसऱ्याला टोळी ठरतीय. वैजूची जोडी धरू ना?" वैजनाथ खाली मान घालून बसला. सविता चहा घेऊन आली होती, तिनं ऐकलं. कप ठेवताना तिचा हात बघितला मी. गेल्या सालचे उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून पुसलेले नाहीत. त्याच हातानं ती पोरांना अ काढून दाखवते.

मी म्हणालो दोन आठवडे थांब. मुकादम म्हणाला, दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढं न्हाई.

रात्रीचं जेवण झाल्यावर वैजनाथ म्हणाला, हिचं काम टिकलं तर मी गावातच ट्रॅक्टर धरीन, कुठं जात नाही. म्हणजे सगळं घर आता त्या हवेवर टांगलेलं आहे.

पाणी आलं, संध्याकाळी. आठही भरली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

तास बिघडला. मी ठरवलं, आता आपल्या पद्धतीनं बघायचं.

जमिनीखाली गळती कुठं आहे ते मी कानानं शोधायचो. व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी जमिनीला टेकवायची, दुसरं टोक कानाला. पाणी कुठं गळतंय, कुठं दमलंय, सगळं ऐकू येतं. तसंच केलं. सविताचा मोबाईल घेतला, त्यात नेटच्या काड्या दिसतात. बाहेरच्या खोलीत सगळ्या काड्या भरलेल्या. पाऊल-पाऊल मागं सरकलो. मधल्या खोलीच्या दारात तीन. खोली ओलांडून स्वयंपाकघरात गेलो तर एक, तीही विझतेय-पेटतेय. परत पुढं आलो, परत तीन. पाच वेळा केलं. पाच वेळा तेच.

हवेला पण गळती असते. आणि माझ्या हातातल्या एवढ्याशा चौकटीत ती दिसत होती.

म्हणजे गळती मधल्या खोलीत. वैजनाथला हाताशी घेऊन देवांच्या तसबिरी काढल्या, पत्र्याची ट्रंक हलवली, आरसा उतरवला, धान्याची कोठी ओट्यावर नेली. परत मोजलं. काही फरक नाही. आता त्या खोलीत भिंती आणि पिंपं सोडून काहीच नाही. भिंती पाडता येत नाहीत. लंकाबाई देव कुठं ठेवायचे म्हणून दिवसभर फणफणतेय.

१ ऑक्टोबर, मंगळवार

काल दुपारी पाणी आलं, आठही भरली. आज तास वाया गेला.

पुष्पावती मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं. शनिवारी त्या स्वतः तासाला बसणार, त्यावर ठरवणार. नाही जमलं तर ही पोरं दुसऱ्या बाईंना देणार. मॅडम वाईट नाहीत, त्यांचाही आवाज पडलेला होता. सविता गोठ्यात जाऊन रडली. मी बाहेर पेंढी सोडत उभा राहिलो. माझ्या रिटायर हातांचा काही उपयोग नाही तिला, असं मनात आलं आणि फार वाईट वाटलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज घट बसले. घटाच्या आधी घरातलं सगळं धुवून काढायची आमच्याकडं रीत. काल लंकाबाई, सविता आणि शेजारच्या केशरबाईनं गोधड्या, वाकळा, पोती, पडदे, सगळं धुतलं. सोमवारी भरलेली आठही पिंपं एका दिवसात रिकामी. मी डोळे मिटून घेतले. रीत आहे, बोलता येत नाही.

आणि आज सकाळचा तास असा झाला की काय सांगू. एकदाही तुटला नाही. निहारनं पूर्ण पान वाचलं. एक मुलगी लाजत लाजत जोडाक्षर बोलली. सविता हसली तेव्हा लक्षात आलं, महिनाभरात ती हसलेलीच नव्हती. देवीनं ऐकलं म्हणून लंकाबाईनं पाच दिवे लावले.

पण शनिवारचं काय. एक दिवस चालतं, दुसऱ्या दिवशी बंद. कुणाच्या मर्जीवर चालतंय हे?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ज्ञानेश्वरनं सांगितलं होतं, काका, कुठल्या तारखेला नेट गेलं ते लिहून आणा, मी वर कळवतो. आज त्याच्या दुकानात बाकावर बसून या वहीतनं यादी काढली. गेलं: ५, ७, १२, १७, २४, १. चाललं: ३, १०, १६ ला तो आलेला तेव्हा, आणि काल.

यादी काढताना सवयीनं शेजारी पाण्याच्या तारखा लिहिल्या. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला.

पाणी आलं ४ ला. नेट गेलं ५ ला.
पाणी आलं १० ला. नेट गेलं १२ ला.
पाणी आलं १६ ला. नेट गेलं १७ ला.

पुढं लिहिलंच नाही. पेन खाली ठेवलं. पिंपं रिकामी त्या दिवशी चालतं. पिंपं भरली की जातं. परवाचं धुणं आठवलं. डबा पुढं, लॅपटॉप मागं, आणि मध्ये, कट्ट्यावर, दोन ओळींत, माझ्या हातानं भरून कुंकू लावलेलं सोळाशे लिटर पाणी.

ज्ञानेश्वरला बोललो नाही. हसला असता. मला स्वतःलाच खरं वाटेना. ज्यानं आम्हाला उसातनं सोडवलं, तेच पाणी सविताच्या वाटेत उभं आहे, हे कसं मानायचं? पण मनाशी पक्कं केलं, उद्याचा तास होईपर्यंत पिंपं भरायची नाहीत. बुधवारीच रिकामी झालीत, पाणी परवाशिवाय यायचं नाही. मनातल्या मनात हसत घरी आलो.

तर उंबऱ्यातच लंकाबाई, ओलीचिंब, चेहरा उजळलेला. नवरात्राचं म्हणून पंचायतीनं मधूनच पाणी सोडलं होतं, भीमानं आमची गल्ली आधी घेतली. नळी धरून, त्या गुडघ्यांवर, कट्ट्यावर चढून-उतरून तिनं आठही पिंपं भरली होती. पहिल्याला कुंकूसुद्धा लावलं होतं. मला म्हणाली, "तुमी नव्हता, तरी एक थेंब सांडू दिला न्हाई."

लई चांगलं केलंस, म्हणालो. कसल्याशा यादीच्या संशयावरून एवढं पाणी फेकायला माझा हात धजत नाही. सकाळी बघू. कदाचित देवी ऐकेल.

५ ऑक्टोबर, शनिवार



सहा पंचवीसला सविता बसली. पुष्पावती मॅडम पडद्यावर एका चौकटीत, चष्मा लावून, पुढ्यात कागद. पोरं खालच्या चौकटींत. मी मधल्या खोलीत पहिल्या पिंपावर हात ठेवून उभा. पाणी गार होतं, पिंपाच्या अंगाला घाम आलेला.

दहा मिनिटांत पहिलं तुटलं. "हॅलो, ऐकू येतंय का?" परत जुळलं, परत तुटलं. "हॅलो, ऐकू येतंय का?" तिसऱ्यांदा ती नुसतं "हॅलो" म्हणाली. तो आवाज कुणाला हाक मारल्याचा नव्हता. गेल्या साली ट्रकमध्ये बसताना राजनंदिनीच्या बालवाडीकडं बघून ती जशी गप्प झाली होती, तसला होता तो.

मी गोठ्यातनं पहार आणली.

माझ्या हातून पाणी कधी सांडलेलं नाही. नळाला थेंब गळाला तर मी लोकांच्या घरात शिरून वायसर बदललेत. लंकाबाईला एका तांब्यावरून चाळीस वर्षं बोललोय. ती पहार मी पहिल्या पिंपाच्या बुडाखाली घातली आणि सगळ्या अंगानं रेटली. पिंप कलंडलं. सगळं पाणी एकदम खाली आलं, माझ्या पिंढऱ्यांवरून, बाहेरच्या खोलीतनं, उंबऱ्यावरून रस्त्यावर. मग दुसरं.

दुसऱ्याच्या आवाजानं लंकाबाई धावत आली. हात शेणानं भरलेले. दारात उभी राहून तिनं बघितलं, काल तिनं भरलेलं पाणी नवरा ओततोय. मी थांबलो. म्हणालो, "नेटला पाणी आडवं येतंय."

हे काय वाक्य झालं, माझं मलाच कळत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग कोठीच्या दाराकडं. आतनं सविताचं हॅलो ऐकू आलं. लंकाबाईनं हात लुगड्याला पुसले आणि तिसऱ्या पिंपाला खांदा लावला.

"सरका," ती म्हणाली. "तुमच्या एकट्यानं व्हायचं न्हाई."

तिसरं. चौथं. रस्त्यावरून केशरबाई विचारत होती पिंप फुटलं का. पाचवं कलंडलं आणि त्याचा लोंढा दाराबाहेर जाईपर्यंत आतला आवाज बदलला होता. निहार वाचत होता. "आजी अंगणात बसली. अंगणात चिमणी आली. आजीनं तिला दाणे टाकले." एक अक्षर तुटलं नाही. धडधडीत, सबंध, जणू पोरगं आमच्या कोठीत मांडी घालून बसलंय. आम्ही दोघं ओल्या पायांनी मधल्या खोलीत उभे. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो, न जाणो हवा हलायची. पान संपेपर्यंत लंकाबाईनं माझा दंड सोडला नाही.

साडेसातला सविता बाहेर आली. जमीन बघितली, पिंपं बघितली, आम्हाला बघितलं. "मामा," म्हणाली, "मॅडम हो म्हणाल्या. कायम." आणि तिथंच ओल्यात खाली बसली. मी तिला यादी दाखवली. ती आधी हसली, मग रडली, मग लंकाबाईच्या कमरेला मिठी मारून दोन्ही करत राहिली. वैजनाथनं मुकादमाला फोन लावून सांगितलं, जोडी धरू नका.

दहाला ज्ञानेश्वर स्वतःहून आला, गावभर बातमी झालीच होती. त्याला हसायचं होतं, पण यादी त्यानं दोनदा वाचली. म्हणाला, "काका, खरं हाय. पानी ही लाट पिऊन टाकतं. मला कसं सुचलं न्हाई." मग गाडीच्या डिकीतनं वायर काढून डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून दिला. पंधरा मिनिटं लागली. त्याच्याकडं वायर होती. भांडावं असा आजचा दिवस नव्हता.

दुपारी चहाला बसलो तेव्हा सविताला एक आठवलं. पाचवं पिंप कलंडलं तो आवाज तिकडं पोचला होता. निहारनं वाचायला लागायच्या आधी तिला विचारलं, मॅडम, तुमच्याकडं पाऊस पडतोय का.

मी विचारलं, तू काय सांगितलंस.

"हो म्हणाले. जोरात पडतोय."

तेव्हापासून हाच विचार करतोय. आमच्या मधल्या खोलीत मी पाणी ओतलं ते शनिवारी सकाळी. त्या पोरानं ते ऐकलं शुक्रवारी संध्याकाळी. जन्मभर मी पाणी या गल्लीतनं त्या गल्लीत नेलं. आज ते कालच्या दिवसात जाऊन पडलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पाणी: नाही. पाच पिंपं रिकामी, तीन अर्धी. भीमा म्हणतो उद्या येईल.

सविता शिकवतेय. तिकडं सोमवार आहे आणि पाऊस लागलाय. पिंपं रिकामी, तरी आज जेवण व्यवस्थित गेलं.